अत्यंत समाधानी

आमच्या नर्सिंग स्कूलच्या वर्गात भिंतीवरच्या पडद्यावर एक पांढरं चक्र फिरायचं. नेट अडकलं की मधोमध येतं ना, ते. स्वतःच्या शेपटीमागे धावणाऱ्या कुत्र्यासारखं ते गरगरत राहायचं आणि आम्ही वर्गभर मुली हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत बसायचो, कारण तोच आमचा तास होता. दोन हजार दहाच्या पुढची, पनवेलमधली ही गोष्ट. नंतर मी नर्स झाले, बरीच वर्षं वॉर्डात काढली, वाईट पुष्कळ पाहिलं आणि त्यातलं बरंचसं विसरलेही. पण त्या चक्राचं नाव काढलं की माझं डोकं अजून फिरतं. घरचे म्हणतात, जाऊ दे आता. का म्हणून जाऊ दे?

आधी आम्हाला शिकवायला माणूस होतं. प्रात्यक्षिकाच्या मॅडम पनवेलच्याच, कोकणी मुसलमान घरातल्या. स्कार्फ पिनांनी घट्ट बसवून वर्गात यायच्या आणि फळ्याकडे ढुंकूनही न बघता थेट खाटेवरच्या रबरी पुतळ्याकडे वळायच्या. ‘अगो, बघत काय राहिलीस? अल्लानं हात कशाला दिलेत?’ असं म्हणून आमच्या मागे उभ्या राहायच्या, आमच्या हातावर स्वतःचा हात ठेवायच्या आणि सुई टोचायला लावायच्या. चुकलं की मनगटावर चापट. इंजेक्शन देताना माझ्या हाताला जो कोन बसलाय तो त्यांनी बसवलेला आहे. पण त्यांचा नवरा कुवेतला होता, तिथल्या एका हॉस्पिटलात त्यांनाही जागा मिळाली आणि त्या गेल्या. जाताना रडल्या. ‘नीट शिका गं, मी दुआ करीन,’ म्हणाल्या. आमचं शिकणं तेवढ्या दुआवर येऊन ठेपलंय हे तेव्हा कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांची जागा काही भरली गेली नाही. थोडे दिवस वाट बघितल्यावर शाळा चालवणाऱ्या ट्रस्टचे एक साहेब मुंबईहून आले, प्रोजेक्टर घेऊन. यापुढे प्रात्यक्षिकं ऑनलाइन. परदेशात बनवलेले पाठ, इंग्रजीतून, तिकडच्या उत्तमातल्या उत्तम सिस्टर शिकवणार, असं साहेबांनी सांगितलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून वाजवल्या. गेटवर मोठा फलक लागला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, हे हळूहळू कळलं, आणि त्यातल्या शेळ्या आम्ही होतो.

वर्गावर उरल्या थिअरीच्या एकट्या मॅडम. तिन्ही वर्षांच्या बॅचा त्यांच्याच गळ्यात. त्या पाठ लावून द्यायच्या आणि खुर्चीत बसून दुसऱ्या बॅचचे पेपर तपासायच्या. पडद्यावरच्या गोऱ्या सिस्टर हसून काहीतरी सांगायला लागायच्या, आणि मग चक्र. मॅडम मान वर न करता म्हणायच्या, ‘पुढे ढकल गं.’ पहिल्या बाकावरची मुलगी उठून माउसनं खालची पट्टी पुढे ओढायची. जिथून चालेल तिथून पाठ सुरू. मधलं गेलं ते गेलं. पुढे पुढे तर मॅडमनी सांगायचीही गरज उरली नाही. चक्र आलं की ती मुलगी आपणहून उठायची, रेडिओची खरखर आली की आपण बटण फिरवतो तसं.

माझ्या शेजारी जी बसायची तिला सगळ्या उरणवाली म्हणायच्या. उरणच्या बाजूच्या एका आगरी गावातली. मी न्यू पनवेलवाली, म्हणजे सेक्टरातली, वडील मुंबईत नोकरीला, पुढचं दार कायम बंद असलेल्या घरातली. मला बारावीला मार्क कमी पडले म्हणून मी नर्सिंगला आले. ती मात्र नर्सिंगला यायचं म्हणूनच बारावी झाली होती. तिच्या गावातल्या तिच्या वयाच्या मुली सकाळी कंपनीच्या बसनं द्रोणागिरीच्या गोदामांत जायच्या, खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायला. तीही एक वर्ष गेली होती. ‘दिवसभर नुसती खोकी. खोकं कदी बोलतं काय आपल्याशी?’ असं सांगायची. तिची आई, तिच्या भाषेत आयस, पनवेलच्या उरण नाक्यावर मासळी विकायला बसायची आणि कोळंबीचे वाटे लावता लावता गिऱ्हाइकांना ऐकवायची, ‘माजी पोर नर्स व्हतेय.’ तेव्हा पोरीचं पहिलं वर्षसुद्धा संपलं नव्हतं. नर्स झाली नाही तर परत गोदाम, हे घरी ठरलेलं होतं. तिसरा रस्ता तिला कोणी आखून ठेवलेला नव्हता.

वॉर्डात ती आमच्यात सगळ्यांत चांगली होती. हे मी पुढे जे झालं त्यामुळे म्हणत नाही, तेव्हाही म्हणायचे आणि जळायचे. पेशंट हात झिडकारत असला तरी तिच्याकडून औषध घ्यायचा. ती प्रत्येकाशी बोलायची, बेशुद्ध असला तरी. मी एकदा म्हटलं, ‘त्याला ऐकू येत नाही गं.’ तर म्हणाली, ‘मला तं येतंय ना.’

प्रत्येक पाठ संपला की आम्हाला कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन आपापल्या नावानं आत शिरायचं, तोच पाठ उघडून खालची पट्टी शेवटपर्यंत ओढायची आणि एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं असे. त्याशिवाय पुढचा पाठ उघडत नसे. बाकी सगळं इंग्रजी, पण हा प्रश्न साहेबांनी हौसेनं मराठीत टाकून घेतला होता: ‘आपण या ऑनलाइन पाठाबाबत कितपत समाधानी आहात?’ खाली वर्तुळं. सगळ्यांत वर ‘अत्यंत समाधानी’, सगळ्यांत खाली ‘अत्यंत असमाधानी’. वरचं वर्तुळ दाबलं की सुटका. त्याखालचं कोणतंही दाबलं की एक चौकोन उघडायचा आणि त्यात इंग्रजीतून कारणं लिहायची, तीही परिच्छेद भरेल एवढी, नाहीतर तो बंदच होत नसे. पहिल्या आठवड्यात एकदोघींनी ‘समाधानी’ दाबून बघितलं आणि त्यांचा भात गार झाला. मेसमध्ये उशिरा गेलं की डाळीचं नुसतं पाणी उरायचं. तेव्हापासून अख्खी बॅच अत्यंत समाधानी झाली.

उरणवालीचं कारण मात्र वेगळं होतं. एकदा मी तिच्या शेजारच्या कॉम्प्युटरवर होते. माझं दाबून झालं होतं आणि ही प्रश्न मन लावून वाचत होती.

‘दाब ना पटकन.’

‘दाबते. काय इचारतात ते वाचाय नको?’

‘काय विचारतात?’

‘मी समाधानी हाय का.’ आणि तिनं वरचं वर्तुळ दाबलं. ‘हायेच मी. आमच्या घरात कोन असमाधानी नाय.’

मी हसत सुटले. ‘अगं ए शहाणे, तुझा स्वभाव नाही विचारत. पाठ कसा वाटला ते विचारतात.’

‘तेच ना. पाठ कसा पन असूदे, मी समाधानी हाय.’

तिच्या घरी तो मोठा गुण होता. मुलगी समाधानी असावी. म्हणजे ताटात जे येईल ते खावं, हे नको ते हवं करू नये. मासा केला की तिच्या वाट्याला शेपटीचा तुकडा यायचा, घरातली थोरली म्हणून, आणि मला शेपटीच आवडते असं ती लहानपणापासून सांगत आली होती. आयस पाहुण्यांना कौतुकानं सांगायची, पोर लई समाधानी. आता कॉम्प्युटरनं तेच विचारल्यावर ती दुसरं काय दाबणार? खोलीतल्या सगळ्याजणींना मी ही गंमत सांगितली. मग आमच्या हॉस्टेलात तो खेळच झाला. डाळ पाणचट आली की कोणीतरी ओरडायची, ‘कितपत समाधानी?’ आणि बाकीच्या एका सुरात, ‘अत्यंत!’ तीही आमच्याबरोबर हसायची. तिला त्यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नसे, पण आम्ही हसतोय यावर ती समाधानी होती.

मग राईल्स ट्यूबचा पाठ आला. ज्या माणसाला गिळता येत नाही त्याच्या नाकातून ही नळी पोटात सोडतात आणि तिच्यातून दूध, पेज वगैरे देतात, त्याला फीड म्हणतात. त्या दिवशी नेट बरं चाललं होतं. नळी कशी मापायची ते दिसलं, कशी सरकवायची ते दिसलं, नाकावर चिकटपट्टी कशी लावायची तेही दिसलं. ती पट्टी लावायची पद्धत फार सुबक होती, फुलपाखरासारखी. आणि ती चिकटपट्टी लागली तसं चक्र आलं. पहिल्या बाकावरची उठली, माउसनं खालची पट्टी पुढे ओढली, तर पडद्यावर दूध नळीतून खाली उतरतसुद्धा होतं. आमच्या सगळ्यांच्या डोक्यात तेच बसलं. आधी चिकटपट्टी, मग दूध.

पुस्तकात होतं का? होतं. आमच्या पुस्तकात इंग्रजीत एक ओळ होती, ‘फीड देण्याआधी पोझिशन कन्फर्म करा’ अशा अर्थाची. आम्ही ती घोकलेलीही होती. पण वॉर्डात पोझिशन हा शब्द आम्ही रोज ऐकत होतो आणि त्याचा एकच अर्थ आम्हाला माहीत होता. ‘पेशंटला पोझिशन दे’ म्हणजे त्याला उशी देऊन टेकवून बसव. तेव्हा पोझिशन कन्फर्म करायची म्हणजे पेशंट नीट टेकून बसलाय ना ते बघायचं, यात आम्हाला शंकासुद्धा आली नाही. नळीची पोझिशन बघायची असते, ती पोटात आहे की भलतीकडे, हे त्या ओळीतून आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात शिरलं नव्हतं. कुवेतला गेलेल्या मॅडम असत्या तर एका चापटीत शिरलं असतं.

शाळेला जोडलेल्या हॉस्पिटलात तेव्हा स्त्रियांच्या वॉर्डात एक आजी होत्या. अर्धांगाचा झटका आलेल्या. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, गिळता येत नाही म्हणून नाकात नळी, पण डावा हात भलता चपळ. त्या हातानं त्या उरणवालीच्या एप्रनचा कोपरा धरून ठेवायच्या आणि सोडायच्या नाहीत. त्यांचा मुलगा ऑफिसला जाण्याआधी येऊन बसायचा, डबा उघडून त्यांना नुसता वास द्यायचा. ‘आई, आज मेथी आहे,’ असं सांगायचा. एरवी इतका रुक्ष दिसणारा माणूस असं काही करेल असं वाटायचं नाही.

त्या सकाळी तो येऊन गेला होता. मी शेजारच्या खाटेची चादर बदलत होते. आजींनी त्या डाव्या हातानं नाकाची नळी ओढली होती, पट्टी सुटून लोंबत होती. उरणवालीनं नळी पहिल्यासारखी आत सारली, नवी पट्टी कापली आणि फुलपाखरासारखी लावली, पाठात दाखवली होती तश्शी. वॉर्डाच्या सिस्टर दारातून नवीन पेशंट आत घेत होत्या. त्यांनी लांबूनच विचारलं, ‘फीडचा पाठ झालाय ना तुमचा?’ ही म्हणाली, ‘झाला, सिस्टर.’ ‘मग दे,’ म्हणून त्या वळल्या.

तिनं खाट वर केली. पाठीला उशी लावली, मानेखाली घडी घातलेला टॉवेल दिला, दोन पावलं मागे होऊन बघितलं आणि उशी परत नीट केली. पोझिशन कन्फर्म केली. ‘आजी, पेज देते हां. मऊ हाय, गरम नाय,’ असं म्हणाली. आणि पेज ओतायला लागली.

आजींना खोकला आला. तसा खोकला मी आधी ऐकला नव्हता, नंतर पुष्कळ वेळा ऐकला. तिनं लगेच नळी चिमटीत धरली आणि ओरडली. सिस्टर धावत आल्या. आजींचा रंग बदलत होता, ओठ काळेनिळे. सिस्टरनी नळी ओढून काढली, मशीन लावून घशातलं ओढायला लागल्या आणि हात चालू असतानाच विचारलं, ‘ऐकलं होतंस का? पोटावर ऐकलं होतंस?’

‘काय ऐकायचं, सिस्टर?’

सिस्टरनी तिच्याकडे मान वळवून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. माझ्याही तोंडावर तेच असणार, कारण त्या तशाच परत मशीनकडे वळल्या. आजींचा डावा हात एप्रनच्या कोपऱ्यावर होता. तो उरणवालीला सोडवून घ्यावा लागला.

पेज फुप्फुसात गेली होती. आजींना आयसीयूत हलवलं, आणि पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. मुलानं आरडाओरडा केला नाही. मी त्याला ऑफिससमोर उभा असलेला पाहिला, हातात डब्याची पिशवी तशीच. प्राचार्या मॅडम त्याला बरंच काही सांगत होत्या. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, ‘त्या मुलीला हे कोणी शिकवलं होतं?’

त्याच प्रश्नाचं उत्तर द्यायला साहेब लॅपटॉप घेऊन मुंबईहून आले. प्राचार्या मॅडमच्या खोलीत चौकशी बसली. उरणवालीला बोलावलं, तिच्याबरोबर त्या सकाळी वॉर्डात होते म्हणून मलाही. थिअरीच्या मॅडम कोपऱ्यातल्या खुर्चीत. मला वाटलं होतं, सांगितलं की कळेल. इतकी साधी गोष्ट आहे. पाठ तिथे अडकला, आम्हाला तो भाग कोणी दाखवलाच नाही, नंतरही कोणी करून दाखवला नाही.

मी तेच सांगितलं. साहेबांनी शांतपणे लॅपटॉप आमच्याकडे वळवला. तिच्या नावापुढे पाठ पूर्ण झाल्याची खूण होती. खालची पट्टी शेवटपर्यंत ओढली की पाठ पूर्ण, मग मधे काहीही गेलेलं असो. आणि त्याच्यापुढे, अत्यंत समाधानी.

‘हे तुम्हीच भरलंय ना?’

‘हो सर.’

‘मग शिकवलं नाही असं कसं म्हणता?’ नंतर माझ्याकडे वळून त्यांनी माझं नाव काढून दाखवलं. ‘तुम्हीही अत्यंत समाधानी.’ मग सगळ्या बॅचची नावं वरून खाली सरकवली. समाधानाची ती रांग संपता संपेना. मी म्हटलं, सर, ते जेवायच्या सुट्टीत दाबतात सगळ्या, दुसरं दाबलं की इंग्रजीत कारणं लिहावी लागतात. साहेब म्हणाले, ‘म्हणजे तुम्ही खोटं भरलंत, असं तुमचं म्हणणं?’ मी थिअरीच्या मॅडमकडे बघितलं. त्यांनी पुस्तक उघडलं आणि ती ओळ वाचून दाखवली. फीड देण्याआधी पोझिशन कन्फर्म करा. ‘हे तुम्हाला पाठ होतं की नाही?’

उरणवालीचा चेहरा जरा उजळला. हे तिला येत होतं. ‘केली व्हती मॅडम. उशी दिली व्हती. मानेखाली टॉवेल पन दिला व्हता.’

थिअरीच्या मॅडमनी पुस्तक मिटलं, आणि त्यांना तेव्हा सगळं कळलं हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण साहेबांना वाटलं पोरगी उद्धटपणा करतेय. त्यांचा आवाज चढला. ‘इकडची तिकडची उत्तरं नकोत. तुम्ही या शिक्षणाबाबत समाधानी होता की नव्हता? एक काय ते सांगा.’

तिनं थोडा विचार केला. तिला खरंच नीट उत्तर द्यायचं होतं.

‘मी समाधानी हाय सर,’ ती म्हणाली. ‘शिकवलं नाय, ते वायलं.’

वायलं म्हणजे वेगळं. साहेबांना तो शब्द कळला की नाही कोण जाणे. त्यांनी मान हलवून लिहून घेतलं, आणि जे लिहून घेतलं त्यात पहिलं वाक्य होतं, दुसरं नव्हतं. हे मी समोर बसून उलट्या बाजूनं वाचलं. चोर सोडून संन्याशाला फाशी. विद्यार्थिनीचा वैयक्तिक हलगर्जीपणा, असं ठरलं. तिचं नाव पटावरून काढलं. परीक्षा नाही, आणि शाळेनंच असा शेरा मारल्यावर दुसऱ्या कुठल्या नर्सिंग स्कूलनं घ्यायचाही प्रश्न नाही. आजींच्या मुलाला तसं कळवलं असेल. त्याला त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं असं त्यांना वाटलं असेल.

रविवारी तिची आयस तिला न्यायला आली. डोईवर पाटी नसलेली ती बाई मी पहिल्यांदा बघत होते, आणि हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. रिक्षा खाली उभी होती. ट्रंक खाली नेऊन ठेवली. आयसनं माझा हात धरला आणि विचारलं, ‘पोरीनं कोनाशी भांडन केलं काय गं?’ मी नाही म्हटलं. ‘मंग? माजी पोर कोनाच्या वाटेला नाय जात. समाधानी हाय ती.’ मला तिच्यापुढे उभं राहवेना.

एवढ्यात उरणवाली म्हणाली, ‘जायच्या आदी मला ते बगायचं हाय.’

‘काय?’

‘जे रायलं ते.’

रविवारी कॉम्प्युटरची खोली उघडी असायची, पण सगळ्या घरी गेलेल्या. तिनं सवयीनं स्वतःचं नाव टाकलं. ते आता चालत नव्हतं. मी माझं टाकलं आणि पाठ लावला. शाळेत दुसरं कोणी नेट वापरत नव्हतं म्हणून असेल, पाठ सरळ चालू लागला. नळी मापली, सरकवली, फुलपाखरासारखी पट्टी लागली. मी चक्राची वाट बघत होते. चक्र आलं नाही. त्या गोऱ्या सिस्टरनी एका मोठ्या सिरिंजमध्ये हवा घेतली, पेशंटच्या पोटावर स्टेथोस्कोप ठेवला, नळीतून हवा आत ढकलली आणि मान कलती करून ऐकलं. ऐकून हसल्या. मग दूध सुरू झालं.

‘एवढंच?’ उरणवाली म्हणाली.

खरोखर एवढंच होतं. चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढा वेळ.

‘परत लाव.’

मी माउसनं खालची पट्टी मागे ओढली. एवढ्या महिन्यांत ती पट्टी मागे कोणी ओढल्याचं मला आठवत नाही. तिनं परत बघितलं. मग पिशवीतून स्वतःचा स्टेथोस्कोप काढला, नळ्या कानात घातल्या आणि मला काही न विचारता त्याची चकती माझ्या पोटावर ठेवली. कपड्यावरूनही ती गार लागली. आजींसाठी करायचं राहून गेलेलं ती आता माझ्यावर करत होती. डोळे मिटून, मान कलती करून, त्या सिस्टरसारखीच.

‘ऐकू येतंय?’

‘गुडगुडतंय. जेवली नायस तू.’ मग तिनं डोळे उघडले. ‘नळी फुप्फुसात असली तं काय ऐकू येतं?’

‘पोटावर? काहीच नाही.’ वॉर्डाच्या सिस्टरना मी नंतर विचारून घेतलं होतं.

‘काय नाय आलं तं काय करायचं?’

‘थांबायचं. फीड द्यायचं नाही.’

तिनं मान हलवली. चकती अजून माझ्या पोटावर धरलेली होती.

‘थांबले असते गं मी,’ ती म्हणाली.

मला रडू फुटलं. ती रडली नाही. खालून आयसनं हाक मारली, रिक्षावाला कुरकुर करत होता. तिनं स्टेथोस्कोपची घडी करून पिशवीत ठेवली. गोदामात त्याचं काय करणार, हे मी विचारलं नाही. पाठ एव्हाना संपला होता आणि पडद्यावर तो प्रश्न आला होता. आपण कितपत समाधानी आहात? तिनं सवयीनं माउसकडे हात नेला, मग मागे घेतला. ‘माजं नाव नाय आता,’ म्हणाली आणि जिना उतरून गेली. रिक्षा उरण नाक्याकडे वळेपर्यंत मी खिडकीत होते.

परत येऊन मी सगळ्यांत खालचं वर्तुळ दाबलं. कारणांचा चौकोन उघडला. माझं इंग्रजी इतकं वाईट नव्हतं, पण त्या दिवशी मला ते आठवेना. सुट्टीतल्या कॉम्प्युटरच्या क्लासात मराठी टाइप करायला शिकले होते, ते शोधून काढलं आणि एकेक अक्षर वेचत सगळं लिहिलं. चक्राचं लिहिलं, उशीचं लिहिलं, एप्रनच्या कोपऱ्याचं लिहिलं, आणि शेवटी लिहिलं, थांबली असती ती. चौकोन भरला. मी पाठवलं.

प्रश्न मराठीत विचारणाऱ्यांना उत्तर मराठीत येईल असं वाटलंच नसावं. मी लिहिलेल्या प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह उमटलं होतं. ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हं, आणि त्यांच्याखाली माझे आभार मानले होते.